ज्वालामुखीचा पाठ

‘ज्वालामुखी’ या नावानेच शिक्षकाचे काम थोडे अवघड करून ठेवले आहे. मुखातून ज्वाला निघतात, त्याअर्थी पर्वताच्या पोटात काहीतरी जळत असले पाहिजे, असे विद्यार्थी धरून चालतात. धूर व राख हे शब्द कानी पडले की तो ग्रह पक्का होतो. वस्तुतः तेथे बहुधा काहीच जळत नसते. उजेड दिसतो तो तप्त शिलारसाचा. धूर म्हणतात ती वाफ, वायू आणि खडकाची पूड. व राख म्हणजे तीच पूड खाली बसलेली. पाठाचा आरंभ येथूनच करणे इष्ट होय.

पुढे मेक्सिकोतील पारिकुतिनची हकीकत सांगावी. शेतकऱ्यांच्या मुलांस ती लवकर उमजते, कारण हा ज्वालामुखी मक्याच्या शेतात जन्मला. दि. २० फेब्रुवारी १९४३ रोजी दिओनिसिओ पुलिदो नावाचा शेतकरी आपल्या शेतात काम करीत असता जमिनीस भेग पडली, माती फुगून वर आली आणि गंधकाच्या वासाची वाफ फूत्कारत बाहेर पडू लागली. दुसऱ्या दिवशी तेथे टेकडी उभी होती! वर्षभरात तिची उंची ३०० मीटरांवर गेली.

असे का झाले? भूकवच अखंड नसून मोठमोठ्या तुकड्यांचे, म्हणजे भूपट्टांचे, बनलेले आहे. मेक्सिकोच्या पश्चिमेस समुद्रतळाचा एक भूपट्ट दुसऱ्याखाली जात असतो. त्याच्याबरोबर खोल गेलेले पाणी तेथील तप्त खडकात शिरले म्हणजे तो खडक एरवीपेक्षा कमी तापमानास वितळतो. शिलारस भोवतालच्या खडकाहून हलका असल्याने वर चढतो. वर येताना दाब घटतो आणि त्यात विरघळलेले वायू सुटू लागतात. सोड्याची बाटली हलवून उघडून दाखविल्यास अधिक विवेचनाची गरज उरत नाही.

लाव्हारस सावकाश सरकत गेला. पारिकुतिन व सान हुआन ही दोन्ही गावे त्याखाली गेली, परंतु लोकांस निघून जाण्यास अवधी मिळाला. तिघे दगावले, ते उद्रेकाच्या ढगातील विजेने. राखेचा उपद्रव मात्र दूरवर पोचला. पिके बुडाली, गुरे मेली. १९५२ साली उद्रेक थांबला. सान हुआनच्या चर्चचा मनोरा आजही काळ्या दगडांतून वर आलेला दिसतो.

“आमच्या शेतातही असे होईल काय?” असे एखादे मूल विचारील. तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. महाराष्ट्र भूपट्टाच्या कडेवर वसलेला नाही. भारतातील जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. तथापि महाराष्ट्राच्या बहुतेक भागातील काळा पाषाण हा थिजलेला लाव्हारसच होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून तो थरावर थर पसरला. सह्याद्रीची शिखरे ही ज्वालामुखीची तोंडे नव्हेत. ते थर पावसापाण्याने कोरले जाऊन मागे राहिलेला भाग आहे. ही चूक शिक्षकांकडूनही होते, म्हणून मुद्दाम नमूद केले आहे.

विहिरीच्या खोदकामातून निघालेला सच्छिद्र दगड वर्गात आणावा. ती छिद्रे वायूच्या बुडबुड्यांची आहेत. काहींत पुढे पांढरे स्फटिक भरले गेले. ते मुलांनाच हुडकू द्यावेत.