स्वमग्नता : वेगळेपण की अपंगत्व?

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, ही मेंदूची जन्मजात वेगळी घडण आहे, हे आता बहुतेक पालकांना ठाऊक असते. मग अशा बालकाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून त्याच्यावर शिक्का कशाला मारून घ्यायचा, असा प्रश्न पालक सभेत निघतो. हा संकोच आम्हाला समजतो, परंतु पटत नाही.

अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला, मिसिसिपी राज्यातील डोनाल्ड ट्रिप्लेट, माणसांत रमत नसे. वस्तू गरगर फिरवत बसे, आणि मोजण्याचा त्याला भारी नाद. आईवडिलांनी त्याला एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. त्यांनी तो नाद मोडला नाही. विहिरीची खोली मोजायला लावली. मक्याच्या ओळी मोजू लागला तेव्हा नांगर धरून मोज म्हणाले. गावच्या शाळेनेही त्याला सांभाळून घेतले. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, एकट्याने देशोदेशी हिंडला. २०२३ साली, ८९व्या वर्षी तो वारला. (ती बँक त्याच्या आजोळची होती. प्रत्येकाच्या आजोळी बँक नसते!) कॅनर यांनी १९७१ साली या मुलांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा सरकारी इस्पितळांत ठेवलेली मुले मात्र खालावलेली आढळली.

म्हणजे अपंगत्वाचा बराच भाग भोवतालचे लोक घडवतात. पण सगळाच नाही. दहा वर्षांचे मूल तहान लागल्याचेही सांगू शकत नसेल, रात्र रात्र झोपत नसेल, तर त्याच्या आईला 'हे नुसते वेगळेपण' म्हणणे आम्हाला निर्दयपणाचे वाटते.

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातील २१ प्रकारांत ते आले. प्रमाणपत्रात ४० टक्के वा अधिक नोंद असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचीही तरतूद कायद्यात आहे. हिंदी, इंग्रजी आणि मराठी शिकवणाऱ्या आपल्या विद्यालयात ही शेवटची तरतूद लहान नव्हे. अशा वेळी सुटते ती बहुधा मराठीच, याचे वाईट आम्हालाही वाटते. परंतु घरी त्या मुलाशी मराठीत बोलायला कोणाची मनाई आहे?

प्रमाणपत्र कार्यालयाच्या फाईलमध्ये राहील. वर्गात त्याचा उच्चार होणार नाही. घंटा वाजताच कोणी कानांवर हात ठेवत असेल, तर विद्यार्थ्यांनी हसू नये. घंटा होणार आहे हे त्याला दोन मिनिटे आधी सांगावे. एक शांत खोली आणि एक विशेष शिक्षक, एवढा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.