चढावर चाकं जागीच फिरतात

प्रश्न : दहा बाय दहाच्या खोलीत एचओ मापाचा दोनमजली रेल्वे लेआउट करतोय. वरच्या मजल्याकडे चढताना इंजिनाची चाकं जागीच फिरतात. हेलिक्स बांधू का?

उत्तर : आधी चढ मोजा. खरा बोरघाट 37 फुटांना 1 फूट, म्हणजे 2.7 टक्के चढतो आणि तिथेही कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. तुमचं एकटं इंजिन काय करणार बिचारं! वळणावर चाकं रुळाला घासून ओढ आणखी वाढते. तेव्हा अडीच टक्क्यांच्या आत राहा.

60 सेंमी त्रिज्येच्या हेलिक्समध्ये एका फेरीत 3.77 मीटर रूळ बसतो. फेरीमागे 9 सेंमी उंची धरली, तर चढ 2.4 टक्के. त्या 9 सेंमीत प्लायची जाडीही आली, हे विसरू नका. पण हे वेटोळं सव्वा मीटरहून जास्त रुंद होतं. तुमच्या खोलीत मी ते बांधणार नाही. भिंतींच्या कडेने एक पूर्ण फेरी चढवा. दहाएक मीटरांत 24 सेंमी सहज मिळतात. दारापाशी उचलून ठेवता येईल असा पूल करा. चढाची सुरुवात एकदम नको, हळूहळू उचला. नाहीतर तिथेच कपलिंग सुटतं.