वळताना हात सैल, दोऱ्या ताठ

शहापूर,
मृग नक्षत्र

चि. भाचीबाईस मामाचे अनेक आशीर्वाद.

रामेश्वरमहून पाठवलेला काईटसर्फिंगचा व्हिडिओ पाहिला. सरळ जातेस ती झकास जातेस. पाठ ताठ, नजर पुढे. वळायची वेळ आली की मात्र बिनसतं. एकदा काईटने तुला उचलून तोंडावर आपटलं, पुढच्या वेळी तू कमरेपर्यंत पाण्यात बसलीस. बोर्डात काही खोट नाही, तेव्हा नवा बोर्ड घ्यायचं खूळ डोक्यातून काढ. ताईच्या पैशांचा जरा विचार कर.

तुझी अडचण शहापुरातून सोबत आलेली आहे. संक्रांतीला गच्चीवर तुझ्यासमोर आळीतली पोरं टिकत नाहीत, हे मी पाहिलं आहे. एका दोऱ्याच्या पतंगाची रीत तुझ्या बोटांत मुरली आहे: ढील दिली की पतंग गरकन फिरतो, खेच दिली की नाक जिकडे असेल तिकडे सुटतो. म्हणजे वळवायचं ढिलाईने आणि पळवायचं ताणाने. काईटचं बरोबर उलट. तिला चार दोऱ्या. पुढच्या दोन तुझ्या कमरेच्या हार्नेसला, मागच्या दोन हातातल्या बारच्या टोकांना. बारचं उजवं टोक ओढलंस की उजवी मागची दोरी ताणली जाते आणि काईट उजवीकडे वळते. ताण नसेल तर वळण नाही. आणि तू वळणात करतेस काय, तर घाबरलीस की अख्खा बार छातीशी ओढून घेतेस, आणि काईट अंगावर येते असं वाटलं की गच्चीवरच्यासारखी पुढे सरकून ढील देतेस. पहिल्याने काईटची ओढ एकदम वाढते, किंवा वारा कमी असेल तर ती मागे कलून पडते. दुसऱ्याने दोऱ्या सैल पडतात आणि तुझं तिच्यावर काहीच चालत नाही.

बार पुढे ढकलणं म्हणजे ढील नव्हे, हे आधी नीट घोटून घे. बार दूर गेला तरी पुढच्या दोऱ्या हार्नेसमधून तुझ्या वजनाने ताठच राहतात; फक्त मागच्या सैलावतात आणि ओढ उतरते. पण बार पार टोकाला गेला तर मागच्या दोऱ्या काईट वळवतही नाहीत. म्हणून मधली जागा शोधायची, जिथे मागच्या दोऱ्या नुकत्या चावायला लागतात. ती जागा रोज वेगळी असते. वारा, काईट, दोऱ्या, सगळ्यांवर अवलंबून. पाण्यात उतरण्याआधी वाळूवर उभी राहून काईट डोक्यावर धर आणि बार हळूहळू आत घेत ती जागा हाताला सापडू दे.

आता वळण. आकाशाचं घड्याळ तुला तिथे शिकवलं असेलच: डोक्यावर बारा, उजवीकडे पाण्यालगत तीन, डावीकडे नऊ. समज, तू उजवीकडे चालली आहेस आणि काईट दीड-दोनच्या आसपास आहे. आधी वेग मोड. टाचा दाबून बोर्डाची कड पाण्यात रुतव आणि थोडी वाऱ्याच्या तोंडाला चढ. ही पायरी तू गाळतेस, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. भरधाव असताना बार आत ओढून काईट झपकन बारावर नेली की माणूस हवेत जातो. उडी मारायची रीतच ती. तुला वळायचं असतं, आणि हात उडीची खूण देऊन बसतात.

वेग मोडला की काईट चालत्या माणसाच्या गतीने वर आण. बोर्ड सपाट होईल, अंग किंचित हलकं वाटेल. बारावर मात्र मुक्काम नको. तिथे पुढे नेणारी ओढ नसते, म्हणून तर तू खाली बसतेस. तिला न थांबवता अकराकडे काढ, बोर्डाचं नवं नाक वाऱ्याच्या दिशेला थोडं उतरतं ठेव, आणि मग ठाम हाताने काईट खाली सोड. ओढ आली की पुन्हा टाचांवर. तुझा बोर्ड दोन्ही टोकांनी सारखा चालतो, त्यामुळे पायांची अदलाबदल नाही. पायांना इथे फारसं कामच नाही. आधी काईट वळते, मागाहून आपण.

काईट खाली सोडतानाची ठामपणाची मात्रा चुकते ती एका हिशेबामुळे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. बारा नॉटचे चोवीस झाले तर विचार कर. आणि काईट स्वतः पळायला लागली की तिला लागणारा वारा वाढतो, म्हणजे वेगाने खाली सोडलेली काईट आपली ओढ आपणच वाढवते. हलक्या वाऱ्यात याचाच उपयोग करायचा, जोराच्या वाऱ्यात याचाच धाक ठेवायचा. मोठी काईट सावकाश वळते, तिला आधीपासून सांगावं लागतं. लहान काईट सांगायच्या आत वळलेली असते. काल बारा मीटरची आणि आज नऊची लावलीस तर पहिली काही वळणं हात चुकणारच.

हात बारच्या मधोमध ठेव. टोकांना धरलंस तर इंचभर हालचालीने काईट हातभर जाते. एक हात ओढताना दुसरा ढकल, नुसता ओढू नकोस. आणि वर बघणं सोड. काईट कुठे आहे ते हार्नेसमधून कमरेला कळतं. डोळे जायच्या दिशेला हवेत. यासाठी एक सराव आहे, पोरं हसतात पण करून बघ: वाऱ्याचा जोर नसताना, जवळ कुणी नसताना, दोन-अडीच मीटरची सरावाची काईट घेऊन वाळूवर डोळे मिटून आडवा आठ काढायचा.

पडलीस तर पडू दे. काईटची पुढची कड हवा भरून फुगवलेली असते, म्हणून ती तरंगते आणि पाण्यावरून पुन्हा उठते. ही युक्ती फ्रान्समधल्या ब्रूनो आणि डॉमिनिक लगॅन्यू या भावांची, त्यांचं पेटंट १९८४ सालचं. त्यानंतरच हा खेळ एकट्या माणसाला जमण्यासारखा झाला. ऑलिंपिकमध्ये तो २०२४ साली आला, शर्यती मार्सेयला झाल्या. तिथल्या स्पर्धकांच्या काईट आणि पाण्याबाहेर उचलले जाणारे बोर्ड वेगळ्या जातीचे, त्यांची नक्कल करू नकोस. पण महिलांत सुवर्ण मिळवणाऱ्या एली ऑल्ड्रिजची खुणेच्या बोयांभोवतीची वळणं पाहा.

घरी आल्यावर भातसावर का नाही, तानसावर का नाही, असं तू विचारलंस. पाणी आहे, वारा आहे, कबूल. पण ते मुंबईच्या पिण्याचं पाणी, तानसाभोवती तर अभयारण्य. ते सगळं सोडलं तरी तो वारा आपल्या कामाचा नाही. पावसाळ्यात नाणेघाटात धबधबा उलटा वर उडतो, ते पाहिलंयस ना? कड्यावर आपटलेला वारा वर फेकला जातो, डोंगराआड गेलेला भोवरे घेतो. माहुलीच्या कुशीतलं पाणीही तसंच: एक क्षण काहीच नाही, दुसऱ्या क्षणी धक्का. तुझ्याकडे हाच नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून अखंड येतो, शिवाय कोरडा. रामेश्वरमचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. आम्ही इथे त्याच वाऱ्याखाली भिजत राबात पेरा उरकतोय. गोव्यातल्या मोरजीची दुपारची समुद्री झुळूक मे अखेर संपली, म्हणून मी घरी.

भातं कापून खाचरं रिकामी झाली की इथे फक्त सरावाची काईट, तीही विजेच्या तारा आणि आसनगावकडची रेल्वेलाइन यांपासून लांब. हवा भरायची मोठी काईट शहापुरात उघडायचीच नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. आणि मांजासारखी दोरी बोटाला गुंडाळायची सवय मोड. या दोऱ्या बारीक दिसतात, पण ओढ आली तर बोट घेऊन जातील. सुटकेची कळ रोज पाण्यात उतरण्याआधी एकदा चालवून बघ. वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे फिरला तर त्या दिवशी सुट्टी.

ताई विचारत होती, पोरीला नीट खायला मिळतं का. तिला फोन कर. मला पुढचा व्हिडिओ पाठवशील तेव्हा कुणाला तरी जवळून काढायला सांग, आकाशातली काईट नको. मला बारवरचे तुझे हात बघायचे आहेत.

तुझा,
मामा