शेकोटीमागचा बॉयलर हलवताना

प्रश्न : मुलगी-जावई इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळ राहतात. यंदा त्यांच्याकडे राहून आलो. घर जुनं आहे. दिवाणखान्यात गॅसची शेकोटी आणि तिच्या मागे, धुराड्याच्या पोटात, बॉयलर. घरभरच्या रेडिएटरना आणि नळांना गरम पाणी तोच पुरवतो. वय चाळीसच्या आसपास, पण चालतो ठणठणीत. तरी तो काढून नवा, तोही वरच्या मजल्यावर बसवायचं ठरलंय. जावई म्हणतात, बॉयलरच्या किमतीपेक्षा जागा बदलण्याचा खर्च जास्त. आमच्या वाड्यातला बंब परसातून न्हाणीघरात दोघांनी उचलून आणला होता! इथे एवढं काय अडतं? आणि नव्या बॉयलरला म्हणे सांडपाण्याची नळी लागते. जिथे आग पेटते तिथे सांडपाणी कुठलं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की बाकीची गाठ आपोआप सैल होते.

गॅस जळला की पाणी तयार होतं. तिथे घरोघरी येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि पाणी होतं, अर्थात वाफेच्या रूपात. १ घनमीटर गॅस जाळला की साधारण दीड लिटर पाणी भरेल एवढी वाफ निघते. तुमच्या लेकीकडच्या बॉयलरमधून ही वाफ तापलेल्या धुराबरोबर थेट आकाशात जाते आणि जाताना पोटात दडलेली उष्णताही घेऊन जाते. गॅसमधल्या एकूण उष्णतेचा हा जवळजवळ दहावा हिस्सा. शिवाय धूरच दीडशे अंशांच्या वर तापलेला, तो तोटा वेगळा. चाळीस वर्षांपूर्वीचे बिडाचे बॉयलर शंभरातले साठ-सत्तर घराला देत आणि उरलेले धुराड्याला. तेव्हा ‘ठणठणीत चालतो’ याचा अर्थ एवढाच, की तो पेटतो.

नव्या बॉयलरमध्ये रेडिएटरमधून निवून परतलेलं पाणी आधी धुराच्या वाटेवर फिरवतात. धूर साधारण ५५ अंशांच्या खाली उतरला की त्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि दडलेली उष्णता घराकडे परत येते. हा कंडेन्सिंग बॉयलर. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून, अगदी अपवाद सोडले तर, नवा गॅस बॉयलर याच जातीचा बसवावा लागतो. त्यामुळे जुन्यासारखाच दुसरा आणून त्याच जागी ठेवावा, ही सोय जावईबापूंना नाही.

आता जागेचं बघू. जुन्या बॉयलरला धुराडं का लागायचं? गरम धूर हलका, तो आपणहून वर चढतो. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत ब्रिटनने कोळशापासून केलेला गॅस सोडून उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू घरोघर आणला. तेव्हा बहुतेक घरांत कोळशाच्या शेकोट्या आणि त्यांची धुराडी तयारच होती. त्याच पोकळीत बॉयलर बसवून पुढे गॅसची शेकोटी लावायची, ही युक्ती त्या काळी अगदी शहाणपणाची होती. पण त्या बॉयलरला लागणारी हवा बसायच्या खोलीतूनच जाते आणि धूर केवळ ओढीवर वर जातो. कावळ्यानं धुराड्यात घरटं केलं की तोच धूर, कार्बन मोनॉक्साइडसकट, खोलीत परततो. या वायूला ना रंग ना वास. मला विचाराल तर गॅसच्या बिलाहून हे कारण मोठं.

नव्या बॉयलरचा धूर कोमट आणि ओलसर. तो आपणहून कुठेच चढत नाही, त्याला पंख्याने ढकलावं लागतं. म्हणून पाइपात पाइप घातलेली दुहेरी नळी थेट बाहेर काढतात. आतल्या नळीतून धूर बाहेर जातो, बाहेरच्या कड्यातून हवा आत येते आणि खोलीतल्या हवेशी बॉयलरचा संबंध उरत नाही. मात्र ही नळी हवी तिथे काढता येत नाही. उघडणाऱ्या खिडकीपासून निदान ३०० मिलिमीटर, समोरच्या हद्दीपासून ६०० मिलिमीटर, असे अंतरांचे नियम आहेत. थंडीत या नळीतून वाफेचा पांढरा लोट निघतो. तो शेजाऱ्याच्या दारावर गेला की नियम पाळूनही भांडण व्हायचं ते होतंच.

मग ते सांडपाणी. तासाला लिटर-दोन लिटर पाणी ठिबकू शकतं आणि ते आंबट असतं, सामू साधारण ३ ते ५. तांब्या-लोखंडाचा पाइप ते खातं, म्हणून नळी प्लास्टिकची. तिला उतार हवा, मीटरमागे निदान ४५ मिलिमीटर. शक्यतो ती घरातल्या घरातच बेसिनच्या किंवा न्हाणीघराच्या सांडपाण्याला जोडायची. ती भिंतीबाहेरून नेली तर काय होतं हे ब्रिटनने डिसेंबर २०१० च्या कडाक्यात पाहिलं. बारीक नळ्यांत पाणी गोठलं, मागे तुंबलं आणि ऐन थंडीत असंख्य घरांतले बॉयलर गुळगुळ आवाज करून बंद पडले. बॉयलर धड होते, गोठली होती ती नळी. कोमट पाणी ओतलं की पुन्हा सुरू. तेव्हापासून बाहेरून न्यायची नळी जाड घेतात आणि तिला उबदार वेष्टन घालतात.

म्हणजे बॉयलर कुठे टांगायचा हे भिंत ठरवत नाही. धूर कुठून जाईल आणि पाणी कुठे उतरेल, हे आधी ठरतं. बंबाला धूर होता, पण तो आपण डोळे चोळत सोसला.

आत येणाऱ्या गोष्टींचंही थोडं आहे. मीटरपासून बॉयलरपर्यंत गॅसचा दाब फार तर १ मिलिबारने उतरलेला चालतो. वळणं घेत वर न्यायचा तर पाइप जाड हवा, म्हणजे अनेकदा मीटरपासून नवा, आणि त्यासाठी जमिनीच्या फळ्या उचकटणं आलंच. जुनी रचना माळ्यावरच्या छोट्या टाकीच्या दाबावर चालते. नवी बंदिस्त, एक ते दीड बार दाबाची. जो सांधा इतकी वर्षं मुकाट बसला होता तो या दाबाला गळू लागतो, बहुधा गिलाव्यामागचाच. रेडिएटरमधला काळा गाळ धुऊन काढला नाही तर नव्या बॉयलरच्या बारीक वाटा तो बुजवतो. वर जुना बॉयलर उपसायचा, धुराड्याचं तोंड पावसापासून झाकायचं पण हवा खेळती ठेवायची. त्या काळच्या काही बॉयलरांच्या सांध्यांत ॲस्बेस्टॉसची दोरी असते, ती कुणीही ओरबाडून चालत नाही. जावयांचा हिशोब मला बरोबर वाटतो.

हे काम ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या कारागिरानेच करायचं असतं. काम झाल्यावर बांधकाम-नियमांच्या पूर्ततेचं प्रमाणपत्र येतं. ते जपून ठेवायला सांगा, घर विकताना खरेदीदाराचा वकील तेच मागतो.

एक गोष्ट मात्र जावयांना जरूर विचारा. नवा बॉयलर रेडिएटरना किती अंशांचं पाणी पाठवणार? बसवणारे बऱ्याचदा ७५-८० अंशांवर लावून निघून जातात. मग परतणारं पाणीही ५५ च्या वर राहतं, वाफेचं पाणी पुरेसं होत नाही, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो फायदा धुराबरोबर जातो. रेडिएटरसाठी ६० च्या आसपास ठेवून बघावं. घर तापायला वेळ लागतो, पण बहुतेक दिवशी भागतं.

आणि वरच्या मजल्याबद्दल. तिथे आज गरम पाण्याची तांब्याची टाकी कपाटात उभी असणार. ती काढून त्याच जागी कॉम्बी बॉयलर लावायचा बेत दिसतो, म्हणजे नळ उघडला की लगेच तापवून देणारा, साठवण नसलेला. जागा हुशारीने निवडली आहे. न्हाणीघर शेजारी, तेव्हा सांडपाणी घरातल्या घरात. पण २४ किलोवॅटचा कॉम्बी पाणी ३५ अंशांनी तापवताना मिनिटाला जेमतेम १० लिटर देतो. दोघांच्या संसाराला पुष्कळ झालं. तुम्ही दोघं आणि व्याही-विहीणबाई एकाच हिवाळ्यात गेलात आणि सकाळी दोन शॉवर एकदम सुरू झाले, तर कुणीतरी आतून हाका मारेल. शिवाय पुढे-मागे बॉयलरऐवजी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब घरात खेचणारं यंत्र, बसवायचा विचार असेल (इंग्लंड-वेल्समध्ये त्यासाठी ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान आहे), तर त्याला पाण्याची टाकी हवीच. कपाट एकदा मोडलं की ती ठेवायची कुठे? मी असतो तर टाकीची जागा राखून ठेवली असती आणि बॉयलर स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर, सिंकच्या बाजूला लावायला सांगितला असता. खिडकीपासूनचं अंतर तेवढं मोजून घ्यायला हवं.