संथ झालेला फोन

स्मार्टफोनमध्ये दोन प्रकारच्या जागा असतात. छायाचित्रे आणि संदेश कायम राहतात ती साठवण. चालू कामापुरती लागते ती रॅम. पहिली धान्याची कोठी, तर दुसरी स्वयंपाकाचा ओटा होय. ओटा लहान असला की एक भांडे उचलल्याविना दुसरे ठेवता येत नाही. १ किंवा २ जीबी रॅमच्या फोनची हीच अडचण असते.

यावर अनेकजण वरचेवर सर्व अ‍ॅप सरकवून बंद करतात. उपाय सोपा, पण बहुधा उलटा पडणारा! रॅम अपुरी पडू लागताच अँड्रॉइड प्रणाली बराच वेळ न वापरलेली अ‍ॅप स्वतःच बंद करते. हाताने बंद केलेले अ‍ॅप पुन्हा उघडताना मात्र सारे आरंभापासून रॅममध्ये आणावे लागते. त्यात वेळ आणि बॅटरी दोन्ही खर्च होतात. रॅम साफ करून देणारी अ‍ॅप तर पार्श्वभूमीत चालून स्वतःच रॅम व्यापतात. एखादे अ‍ॅप अडकून पडले, तरच ते सक्तीने थांबवावे.

न लागणारी अ‍ॅप काढून टाकणे अधिक हिताचे. साठवण भरत आली तरीही फोन मंदावतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या नावाखाली ‘कॅशे’ आणि ‘डेटा’ पुसण्याचे दोन पर्याय असतात. कॅशे पुसल्याने केवळ तात्पुरत्या फायली जातात. डेटा पुसल्यास मात्र त्या अ‍ॅपने फोनमध्ये जतन केलेली माहिती नाहीशी होते. कुटुंबाचे जुने संदेश असलेल्या अ‍ॅपचा डेटा, त्याची प्रत अन्यत्र ठेवल्याविना, पुसू नये.