घर ही पहिली शाळा



पूर्वीच्या एका धर्मग्रामात असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात तिसरीतल्या एका मुलाने प्रार्थनेच्या पुस्तकातले एक पान घडाघडा वाचून दाखवले. मी त्याला शाबासकी दिली. मग सहज पुढचे पान काढून दिले, तर तो गप्प झाला. पहिले पान त्याला पाठ होते. वाचता काहीच येत नव्हते. वर्षभर तो माझ्यासमोर बसत होता आणि हे माझ्या लक्षात आले नव्हते. चूक त्याची नव्हती, माझी होती.

नंतर त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, "फादर, मलेच वाचता येत नाही, तं मी पोराले काय शिकवू?"

हा प्रश्न आपल्या चिखल्यातही अनेक घरांत आहे. कोणी खाणीतली पाळी करून थकून येतो, कोणी दिवसभर धानाच्या बांधीत राबते. शिकवणे हे गुरुजींचे काम, आपण फी भरली की झाले, असे वाटते. परंतु ख्रिस्तसभेची शिकवण वेगळी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत असे सांगितले आहे. शाळा त्यांना मदत करते, त्यांची जागा घेत नाही. अनुवाद ६:६-७ मध्येही देवाची वचने मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना सांगावीत अशी आज्ञा आहे. म्हणजे शिकवण्याची जागा रोजचे जगणे हीच आहे.

नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने यशया संदेष्ट्याचे पुस्तक उघडून वाचले (लूक ४:१६-१७). वाचायला तो कुठे शिकला हे शुभवर्तमानात सांगितलेले नाही. पण बारा वर्षांचा असताना तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता (लूक २:४६). ऐकणे आणि प्रश्न विचारणे, यातूनच शिक्षण सुरू होते. जाणून घेण्याची ओढ माणसाच्या स्वभावातच आहे, असे ॲरिस्टॉटल हा तत्त्वज्ञ मानत असे. मूल "हे असं का?" म्हणून विचारते तेव्हा ती ओढच बोलत असते. "गप्प बस" म्हणून आपण तिला दाबून टाकतो.

यासाठी पैसा लागतो का? आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण पाहा. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. पुढे १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये चालले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून बिया, पाने, खडे, शिंपले हीच साधने झाली. ही साधने आपल्या अंगणातही पडलेली आहेत.

तेव्हा घरी एवढे करून पाहा :

१. रोज पंधरा मिनिटे मुलाजवळ बसा. टीव्ही बंद, मोबाईल दूर. मुलाने मोठ्याने वाचावे, आपण ऐकावे. वाचता येत नसेल तरी "मग पुढे काय झालं?" असे विचारता येते. आपल्याला सांगायचे म्हणून मूल समजून वाचू लागते.

२. शनिवारी संध्याकाळी रोजरीनंतर रविवारचे शुभवर्तमान मुलाकडून वाचून घ्या. दुसऱ्या दिवशी मिस्सामध्ये तेच शब्द ऐकताना त्याचा चेहरा पाहा.

३. चिंचोके फोडून अष्टाचंगा खेळा. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. सोंगट्या पुढे सरकवताना बेरीज येते. आपल्या पाळीची वाट पाहणे आणि रडारड न करता हरणेही येते.

४. भेंड्या आणि कोडी यांतून शब्द वाढतात. आजी-आजोबांकडे कोड्यांचा साठा असतो, तो विचारा.

५. दुकानातून सामान आणल्यावर पुड्यावरचे नाव, वजन व किंमत मुलाला वाचू द्या आणि हिशेब त्यालाच करू द्या. जमेल तेव्हा एखादे गोष्टीचे पुस्तक आणा. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून मुलांसाठीच निघते.

एक पथ्य मात्र पाळा. चुकले म्हणून मारू नका, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. खेळाची परीक्षा झाली की मूल खेळणे सोडते आणि शिकणेही.

त्या आईला मी एवढेच सांगितले होते की, रोज स्वयंपाक करताना त्याला चुलीजवळ बसवा आणि वाचायला लावा. ती म्हणाली, "तो चुकला तं मले कसं समजन?" मी म्हणालो, "अडखळला की समजेल. तेव्हा रागावू नका, थांबा." काही महिन्यांनी त्या मुलाने वर्गात नवे पान वाचले. हळू वाचले, अडखळत वाचले. पण ते पाठ केलेले नव्हते.

कुटुंबात चर्चेसाठी : गेल्या आठवड्यात मुलाने विचारलेला कोणता प्रश्न आपण टाळला? आज त्याचे उत्तर दोघे मिळून शोधू या का?

पवित्र मरिया आणि संत योसेफ आपल्या घरांवर कृपाछत्र धरोत.

आपला,
प्रमुख धर्मगुरू