आईने लोटलेले वासरू : आपले कर्तव्य

सज्जनहो, आजचा प्रश्न गोठ्यातला आहे. पण भूतदयेचा पाठ जो आपण रोज म्हणतो, त्याची परीक्षा तेथेच होते.

पालमच्या एखाद्या माळकऱ्याच्या घरी पहिलारू म्हैस व्याली असे धरा. रेडकू कासेशी गेले की ती लाथ झाडते, शिंगाने लोटते. घरातले वडीलधारे म्हणतात, "आईनंच नाही म्हटलं, आपण कशाला मधी पडावं? जगायचं असंल तर जगंल. ज्याचं त्याचं प्रारब्ध!" हे बोलणे ऐकायला मोठे विरक्तीचे वाटते. पण ते खरे आहे काय?

विचार करा. त्या म्हशीच्या गळ्यात दावे कोणी बांधले? आपण. तिने कोठे व्यावे, व्याल्यावर तिच्याभोवती किती माणसे जमावीत, दूध कोणी काढावे, हे सारे कोणी ठरविले? आपणच. इतक्या ठिकाणी मध्ये पडून झाल्यावर पिलाच्या तोंडाशी येताच "मी कोण?" म्हणणे ही विरक्ती नव्हे, अंगचोरी आहे. ज्याच्या हाती दावे, त्याच्यावर पिलाचा भार.

आता आई लोटते का, ते पाहू. तिला माया नाही म्हणून नव्हे. पहिलारूला हे काय झाले तेच उमजत नाही. कोठे कास सुजलेली असते, सड चिरलेले असतात, पिलू ओढले की कळ येते. कोठे अडून व्याल्याने ती थकून गेलेली असते. आणि पुष्कळदा, पिलू चाटून त्याचा वास ओळखण्याच्या आतच आपण ते उचलून बाजूला नेतो. पहिल्या एकदोन तासांत ही ओळख पडते. शेळीच्या बाबतीत तर ती संधी हुकली की शेळी आपलेच करडू परके मानते.

म्हणून प्रथम गर्दी हटवा. पिलू कोरडे न पुसता आईच्या तोंडापुढे ठेवा. पाठीवर थोडे मीठ चोळा. चाटता चाटता मन वळते. कास तपासा. धरून पाजावे लागले तर हळू हाताने धरा, मारू नका. मार खाल्लेल्या आईच्या मनात पिलू आणि वेदना यांची गाठ बसते.

इतके करूनही वेळ दवडू नये. वासरू जन्मते तेव्हा रोगाशी झुंजण्याचे बळ त्याच्या रक्तात जवळजवळ नसते. ते चिकातून येते, आणि चिकातले ते बळ उचलण्याची आतड्याची शक्ती एका दिवसात संपत जाते. म्हणून पहिल्या एकदोन तासांतच चीक पोटात जावा. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ३० किलोच्या रेडकाला सुमारे ३ लिटर, दोनतीन वेळा करून पाजावा. "वार पडल्याबिगर चीक पाजू नाही" असे जे म्हणतात ते चूक आहे. पिलू ढुसण्या देऊन प्याले तर वार पडायला मदतच होते. आईने घेतलेच नाही तर चीक पिळून बाटलीने पाजा, किंवा दुसरी नुकती व्यालेली म्हैस पाहा. खरवस त्यानंतर!

पान्ह्यासाठी जनावराच्या अंगात हवा फुंकण्याचा क्रूर प्रकार मात्र कोणी करू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा ठरविला आहे. अडले तर १९६२ या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकांचे फिरते पथक बोलवावे.

आता एक कटू गोष्ट. वगार झाली तर घर जागते. हल्या झाला तर आईने न लोटताही आपणच त्याला दाव्याला उपाशी ठेवतो. पैठणला ज्ञानोबारायांनी रेड्यामुखी वेद बोलविले, ही कथा आपण डोळे पुसत ऐकतो. तीच गोदामाय पालम तालुक्याला लागून वाहते. मग घरच्या रेडकाच्या तोंडचे दूध काढताना ती कथा कोठे जाते?

रानातल्या पिलाचा न्याय मात्र वेगळा. ज्वारीत हरिणाचे पाडस एकटे पडलेले दिसले की आपण कळवळून घरी आणतो. पण हरिणी पिलू लपवूनच चरायला जाते आणि पाजायला परत येते. ते टाकलेले नसते. आपण उचलतो तेव्हाच ते पोरके होते. तेथे दूर सरणे हीच दया. जखमी असेल, किंवा आई मेलेली दिसली, तर वनखात्याला १९२६ वर कळवावे. घरी पाळणे कायद्याने गुन्हा आहे. घरट्यातून पडलेले पक्ष्याचे पिलू मात्र उचलून परत घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षीण त्याला टाकत नाही.

तात्पर्य, दया म्हणजे नेहमी हात घालणे नव्हे आणि नेहमी हात आखडणेही नव्हे. दावे आपले असेल तेथे धावावे. दावे नसेल तेथे आधी थांबून पाहावे.

शेजारच्या गंगाखेडची जनाबाई लहानपणीच आईवेगळी झाली आणि पंढरीस दामाशेटींच्या घरी वाढली, असे परंपरा सांगते. परक्या दारी मिळालेल्या घासाने एक संत वाढला. आपल्या गोठ्यातल्या मुक्या पोरक्याला तो घास नाकारू नये.

रामकृष्णहरि.